थंड होईपर्यंत

खारबाव, ता. भिवंडी
६ फेब्रुवारी १९७७

ती. ताईस,
केसरीनाथचा नमस्कार.

अमरावतीचं घर पुरं झाल्याचं तुझं पत्र आयला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा मध्येच थांबवून खोल्या बोटांवर मोजल्या आणि म्हणाली, "तीन खोल्या आणि माणसं दोन. तिसऱ्यात काय ठेवणार, शाळेच्या वह्या?" ते तुला कळवायला सांगितलं आहे.

आता माझं काम. यंदा शाडूच्या जोडीला प्लॅस्टरचे गणपती करायचं ठरवलं आहे. मुंबईचे कारखानदार करू लागलेत. मूर्ती हलकी होते, फुटत नाही, सुकायला पंधरा दिवस लागत नाहीत. कामतघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेजारी एक शेड घेतली आहे. लूम चालू असले की शेल्फावरचे उंदीर एका तालात हलतात, गणपतीचे उंदीर. राहनाळच्या एका गोदामातून सहा पोती प्लॅस्टर आणलं. चार पोती दगड निघाली. पहारीने फोडली तरी भुगा होतो, पण तो पाण्यात कालवला तर जमत नाही, चिखल राहतो. गोदामवाला पोराबाळांची शपथ घेऊन सांगतो की पोत्याला पाण्याचा थेंब लागलेला नाही. तो खोटं बोलतो की काय, हे तू सांग. तू केमिस्ट्री शिकवतेस, मी मॅट्रिकला त्याच विषयात अडकलो होतो.

आय बरी आहे. वय झालं, विसरभोळी होत चालली. परवा शेजारच्या नामाच्या घरून परत आली तेव्हा एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. कुठे पडली ते तिला ठाऊक नाही. गोदू म्हणाली, "आई, दुसरी तरी कशाला आणलीत?" आम्ही खूप हसलो. तीही हसली.

तुझा,
केसरी


अमरावती
१२ फेब्रुवारी १९७७

प्रिय केसरी,

तिसऱ्या खोलीत वह्याच राहणार आहेत. आईचं बरोबर आहे.

गोदामवाला खोटं बोलत नाही. पोत्याला थेंब लागायची गरज नसते. तुमच्याकडे खाडीची हवा आहे, आणि ज्यूटच्या पोत्यातून हवा जाते. तुझं प्लॅस्टर त्या हवेतलं पाणी पीत बसलं होतं.

नीट समजून घे, पुढे उपयोगी पडेल. जिप्सम नावाचा एक दगड असतो. रसायनशास्त्रात आम्ही त्याला क्षार म्हणतो. चवीला खारट नाही, चाखून बघू नकोस. या क्षाराच्या अंगात पाणी असतं, आपल्याला न दिसणारं. दगड भट्टीत तापवला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि जी पांढरी भुकटी राहते ते तुझं प्लॅस्टर. ते कायमचं तहानलेलं असतं. तू पाणी घालतोस तेव्हा ते गेलेलं पाणी परत घेतं आणि पुन्हा दगड होतं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर सुयांसारखे स्फटिक एकमेकांत घुसून बसलेले दिसतात. म्हणून ते घट्ट. चिखल सुकतो तसं हे सुकत नाही, ते पाणी आत घेऊन बसतं. तुझी चार पोती अशीच पोत्यातल्या पोत्यात दगड झाली. आता ती पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय उपयोगाची नाहीत.

आणखी एक गंमत. भट्टीने दिलेली उष्णता ते जमताना परत करतं. घेतलेलं परत देणारी वस्तू जगात विरळा. माझी काळी छत्री आठवते का? १९६८ साली नेली होतीस.

नवी पोती प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घे आणि फळीवर ठेव.

घरभरणी अक्षय्य तृतीयेला ठरली आहे. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. लेकीच्या नव्या घरात पहिलं पाऊल आईचं. तुळजामावशीच्या वेळी आजीला चालवत नव्हतं, तर तिला पाटावर बसवून नेली, पण पाय उंबऱ्याच्या आत टेकवलेच. आईचे पाय लागल्याशिवाय मी दूध उतू घालणार नाही. तू स्वतः तिला घेऊन ये. कारणं सांगू नकोस. हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखव.

चंद्राताई


खारबाव
२१ फेब्रुवारी १९७७

ती. ताईस,

छत्री गोदूच्या माहेरी आहे, एवढं निश्चित.

तुझं वाक्य मोठ्याने वाचलं. आय म्हणते, येणार नाही. एवढा रेल्वेचा प्रवास, तिथलं पाणी, आणि संडास घरातच आहे हे ऐकून तर ती फारच नाराज झाली. मी दोन दिवस समजावलं. मग ती एकटी ओट्यावर बसून राहिली आणि संध्याकाळी म्हणाली, "माजे पाय पायजेत ना तिला, मग पायच पाठवूया." असं काहीतरी बोलते. तू मनावर घेऊ नको, काही तरी मार्ग निघेल.

प्लॅस्टरची नवी पोती आणली, अस्तरवाली. एकदम मैदा आहे. पहिल्या मूर्तीचं पोट असं गुळगुळीत आलं की शेजारच्या लूमवरचा जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा अन्सारी, खास बघायला आला. म्हणाला, "केसरीभाई, इसको तो पसीना भी नहीं आएगा."

आता एक वेगळी ऑर्डर आली आहे. कोणाची ते नंतर सांगेन. पादुका करायच्या आहेत, पण लाकडी खडावांसारख्या नाहीत, पूर्ण पावलं, घोट्यापर्यंत, अगदी बोटांच्या रेघांसकट. मी असं ठरवलंय की तेलाचे डबे अर्धे कापायचे, त्यात पाऊल ठेवायचं, भोवती प्लॅस्टर ओतायचं. तो साचा. मग साच्यात पुन्हा ओतायचं. साचा दोन फाकांत उघडावा म्हणून मधून दोरा सोडणार आहे, अर्धवट जमलं की दोरा ओढून घ्यायचा. अडचण एवढीच की मॉडेल जास्त वेळ उभं राहणार नाही. माझं नेहमीचं प्लॅस्टर या थंडीत फार वेळ घेतं. लवकर आणि घट्ट जमण्याला काही औषध आहे का? पत्राची वाट पाहतो. काम अक्षय्य तृतीयेच्या आधी व्हायला पाहिजे.

तुझा,
केसरी


अमरावती
२७ फेब्रुवारी १९७७

प्रिय केसरी,

आईने यायलाच पाहिजे. तू तिला नीट सांगत नाहीस. अजून वेळ आहे, मी पुन्हा लिहीन.

पादुकांची कल्पना छान आहे. तुला गिऱ्हाईक चांगलं मिळालेलं दिसतं. तुझी अडचण लक्षात आली, ओली माती फार वेळ आकार धरत नाही, वजनाने बसते. उपाय सोपा आहे. पाणी कोमट घे. प्लॅस्टर नेहमीपेक्षा दाट कालव. आणि पाण्यात अगोदर थोडं मीठ विरघळवून घे, आपलं खाण्याचं. मीठ असलं की स्फटिक भराभर धरतात. चमचाभर पुरे, जास्त घातलंस तर हातातल्या हातात जमेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. एवढा मोठा गोळा, तोही दाट आणि मीठ घातलेला, चांगलाच तापेल. डब्याला हात लावलास तर चटका बसेल. तापला म्हणजे जमतो आहे असं समज. मातीला काय भाजणार. मध्येच हलवलंस तर स्फटिक मोडतील आणि साच्याला तडा जाईल. थंड होईपर्यंत अजिबात हात लावू नकोस.

निवडणुकीची ड्युटी लागली आहे. बडनेऱ्याच्या पुढे कुठल्या तरी गावी मतपेट्या सांभाळायच्या. पत्राला उशीर झाला तर समजून घे.

चंद्राताई


खारबाव
१३ मार्च १९७७

ताई,

मीठ चमचाभर म्हणाली होतीस. कसला चमचा? चहाचा की वाढायचा? आणि एका डब्याला की दोन्ही डब्यांना मिळून? मी पत्र पुन्हा वाचलं, त्यात नाही.

तो गोळा किती तापतो? म्हणजे आकड्यात. तुम्ही थर्मामीटर लावता तसं. आणि किती वेळ तापलेला राहतो?

प्लॅस्टर कातडीला लागून राहिलं तर त्याचं विष होतं का?

आय झोपून असते. तुझी आठवण काढते.

केसरी


अमरावती
२१ मार्च १९७७

प्रिय केसरी,

काल रात्री ड्युटीवरून आले. तीन दिवस शाळेच्या बाकावर झोपले, पाठ धरली आहे. तुझं पत्र दारातून आत टाकलेलं मिळालं. उत्तरं घे.

चमचा चहाचा. एका डब्याला एक. तू वाढायचा घेतलास तर गोळा पाच मिनिटांत दगड झाला असेल, आणि तुझा दोरा आतच अडकला असेल. झालं ना तसं?

विष होत नाही. प्लॅस्टर निरुपद्रवी आहे. मोडलेल्या हाडावर डॉक्टर तेच बांधतात, पातळ थरांत.

तापमान. मी प्रयोगशाळेत वाटीभर प्लॅस्टरवर मोजलं आहे, पंचेचाळीसपर्यंत गेलं होतं. तुझ्या डब्याएवढा गोळा असेल, आणि तो दाट, मिठाचा, तर साठ-सत्तर अंश सेल्सिअस सहज. गोळा जितका मोठा तितकी आतली उष्णता बाहेर पडायला जागा कमी, त्यामुळे अर्धा-पाऊण तास तसाच राहील. अंडं ठेवलंस तर अर्धवट शिजेल. पण तू आकडा कशासाठी विचारतोस? मातीला

मधे तासभर गेला. तू मुळात काय विचारलं होतंस ते बघायला तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढलं. त्यात तू लिहिलं आहेस, "मॉडेल जास्त वेळ उभं राहणार नाही." मी माती समजले. मातीला कोणी उभं राहणार नाही असं म्हणत नाही. आता तू विचारतोस, कातडीला लागून राहिलं तर. आणि फेब्रुवारीच्या त्या पत्रात वर आईचं वाक्य आहे, पायच पाठवूया.

केसरी, डब्यात कोणाचे पाय होते?

हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. मी तार ऑफिसला चालले आहे.

चंद्रा


तार
२१ मार्च १९७७
केसरीनाथ, खारबाव

पाय कोणाचे. आई कशी आहे. ताबडतोब कळव. चंद्रा.


खारबाव
२३ मार्च १९७७

ती. ताईस,

आयचे.

तार आली तेव्हा मी ठाण्याला इस्पितळात होतो. गोदूने तार उघडली नाही, तार म्हणजे कोणी तरी गेलं असंच तिला वाटलं. ती तुळशीपाशी ठेवून माझी वाट बघत बसली होती.

सगळं क्रमाने लिहितो. मला तुला चकित करायचं होतं. आयचे पाय अमरावतीला येत नाहीत, तर मी पाय करून आणीन, रंगवून, पैंजणासकट, आणि तुझ्या उंबऱ्याच्या आत ठेवीन. आयला ही गोष्ट फार आवडली. ६ तारखेला, रविवारी, तिला रिक्षाने कामतघरला नेलं. रिक्षात ती सगळ्यांना सांगत होती, "लेकीकडं पाय पाठवते, मी घरीच." शेडमध्ये खुर्चीवर बसवली. पायांना साबणाचं पाणी आणि तेल लावलं. दोन डब्यांत दोन पाय. तू सांगितलंस तसं कोमट पाणी, दाट कालवलं, आणि मीठ. वाढायचा चमचा भरून.

उजव्या डब्यातला दोरा मी वेळेवर ओढला. डाव्याचा ओढायला गेलो तर अर्ध्यात अडकला आणि तुटला. मी म्हटलं, काही हरकत नाही, थंड झाल्यावर छिन्नीने उघडू.

मग डबे तापले. मी हात लावून बघितलं, चटका बसला, आणि ताई, मी खूश झालो. आमच्या धंद्यात गरम डबा म्हणजे माल चांगला जमतोय. थंड डबा म्हणजे पोतं खराब. आणि तू लिहिलंच होतं. मी आयला विचारलं, "गरम लागतंय का गं?" ती म्हणाली, "ऊन लागतंय. बरं वाटतंय." तिने डोळे मिटून घेतले. चेहरा असा होता जसा थंडीच्या दिवसांत शेकोटीपाशी असतो. मी तिला चहा मागवला. तिने बशीत ओतून प्यायला. एकदाही पाय हलवला नाही. मी म्हटलं, मॉडेल असावं तर असं.

अर्धा तास झाला असेल. अन्सारी लूम बंद करून बघायला आला. खाली वाकला, डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आयकडे. "माँजी, जलता नहीं क्या?" आय म्हणाली, "न्हाय रे बाबा." तो मला हळूच म्हणाला, "केसरीभाई, जिसको ये नहीं जलता, उसको कुछ तो हुआ है. निकालो." मी म्हटलं, अजून थंड झालं नाही, तडा जाईल. हे मी म्हटलं. आपल्या आयचे पाय आत आणि मी साच्याला तडा जाईल म्हटलं.

उजवा लगेच उघडला. डाव्याला अन्सारीने छिन्नी लावली, दोऱ्याच्या खुणेवर. तो फुटायला आणखी दहा मिनिटं गेली. पाय बाहेर आले ते पांढरे. मला वाटलं प्लॅस्टर लागलंय. मी पाण्याने धुवायला घेतलं आणि माझ्या हाताबरोबर कातडी आली. आय माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "साचा चांगला आला का?"

भिवंडीच्या डॉक्टरांनी ठाण्याला पाठवलं. तिथे पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला, यांना साखर किती वर्षांपासून आहे? आम्हाला तिला साखर आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी आयच्या पोटरीला सुई लावली, तिला कळलं. घोट्याला लावली, थोडं कळलं. खाली काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, पाय कधीचे मेलेले आहेत, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही? मला ती एक चप्पल आठवली. आम्ही हसलो होतो ती.

१३ तारखेला मी तुला खरं लिहिणार होतो. लिहायला घेतलं आणि मिठाचंच लिहिलं.

उजवा पाय भरून येईल म्हणतात. डाव्याची बोटं काळी पडली आहेत. परवा ठरवतील.

तुझा,
केसरी


अमरावती
२७ मार्च १९७७

प्रिय केसरी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग बसले.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही? आलं होतं. माझ्या.

मागच्या दिवाळीला मी आले होते तेव्हा अंगणात तुझी मुलं फुलबाज्या उडवत होती. विझलेल्या तारा खाली पडल्या होत्या, लाल. आई त्यातल्या एकीवर उभी राहून माझ्याशी बोलत होती. वास आधी मला आला. मी ओरडून तिला बाजूला ओढली. तळव्याला तार चिकटली होती आणि ती मला विचारत होती, काय झालं. मी तिला आत नेलं. तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली. "केसरीला सांगू नको. तो डॉक्टरकडं नेईल. डॉक्टर पाय कापतील, चिंधूमामाचा कापला तसा." चिंधूमामाला साखर होती, तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी शपथ पाळली.

दुसरी गोष्ट लिहिणं याहून अवघड आहे. घरभरणीची रीत हे निमित्त होतं. दूध उतू घालायचं काय, मला त्याचं तेवढं नव्हतं. आईला इथे आणायची, चार दिवस ठेवून घ्यायची, आणि शपथ न मोडता इथल्या डॉक्टरला दाखवायची, असा माझा बेत होता. म्हणून मी तुला हट्टाने लिहीत होते. सरळ एक ओळ लिहिली असती, की आईला पायांत जाणीव नाही, तर तू तिचे पाय डब्यात घातले असतेस का? मी पान भरून स्फटिक लिहिले आणि ती ओळ लिहिली नाही.

वर्गात मी दरवर्षी सांगते, या क्षाराने घेतलेली उष्णता हरवत नाही, ती परत येते. मुलींकडून वहीत लिहून घेते. कुठे येते, ते कधी विचारलं नाही मी.

शनिवारपासून रजा मिळाली आहे, त्याच दिवशी निघते. परीक्षेचं बघून घेतील कोणीतरी.

चंद्रा


खारबाव
२८ मार्च १९७७

ताई,

घाईने लिहितो. काल डाव्या पायाची चार बोटं काढली. करंगळी राहिली.

केसरी


खारबाव
३१ मार्च १९७७

चंद्राताई,

तुला माहीत होतं.

मी तीन आठवडे स्वतःला खातोय. मला वाटत होतं की हे एकट्या माझ्या हातून झालं. गोदूने मला जेवायला बसवलं तर मी ताटाकडे बघून उठतो, कारण भाताची वाफ दिसते. आणि तुला दिवाळीपासून माहीत होतं.

तू येऊ नको. तुझं पत्र वाचून लगेच तार करून तुला थांबवलं, त्यातलं आय बरी आहे वगैरे खोटं आहे. आय विचारते, चंद्रा का आली नाही. मी सांगतो, परीक्षा आहेत. तुझ्या शपथेसारखंच हे पण एक समज.

साचे शेडमध्ये पडून आहेत. दोन्ही चांगले आलेत. डाव्याला तडा आहे पण बोटं पाचही आहेत, नखांसकट. फोडून टाकणार आहे.

केसरीनाथ


खारबाव
१२ एप्रिल १९७७

चंद्रावन्सं, सौ. गोदूचा नमस्कार. आईंनी मला समोर बसवलं आहे. त्या बोलतात तसं लिहायला सांगितलं आहे, सुधारायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका माझ्या.

चंद्रे,

मी घरी आले. काठी घेऊन ओट्यापर्यंत जाते. पाय दिसतो लहान पोरासारखा, पुढं करंगळीबिगर काय न्हाय. केसरीनं त्याला मोजा शिवून घेतला.

तू का येत न्हाय ते तो परीक्षा सांगतो. इतक्या परीक्षा कोणाच्याच नसतात. म्हणून तो शेडला गेल्यावर गोदूला सांगितलं, ट्रंकेतली पत्रं काढ आणि सगळी वाच. ती रडत होती, मी म्हटलं रडून झालं की वाच. सगळी ऐकली. तुजी बी, आणि त्यानं आधी कच्ची लिहून ठेवलेली त्याची बी.

तुम्ही दोघं शिकलेली पोरं. एकानं लिहिलं मीठ किती, एकानं लिहिलं मी शपथ पाळली. मना कोणी विचारलं? पाय माजे होते.

आता माजं ऐक. हे मी डॉक्टरला सांगितलं न्हाय, केसरीला न्हाय. मना माहीत होतं. दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. सकाळी उठले की जमीन लागत न्हाय, जशी कापसावर चालते. पाण्यात पाय घातला तर गार का गरम कळत न्हाय. चिंधूचा पाय कापला तेव्हा मी बघितला होता, म्हणून गप बसले. तुला शपथ घातली. केसरीकडं हसले. चप्पल पडली तेव्हा मी हसले ना, ते भीतीनं हसले.

मग त्यानं माजे पाय डब्यात घातले. आधी काय लागलं न्हाय. मग हळूहळू ऊन लागलं. घोट्याला, वर. चंद्रे, वरसभरात पयल्यांदा मना काहीतरी लागलं. मना वाटलं पाय परत आले. डोळे मिटले आणि मी बसले. केसरी विचारत होता गरम लागतं का, मी म्हटलं बरं वाटतं. तो मुसलमान विचारत होता जळत न्हाय का, मी म्हटलं न्हाय. खरंच बरं वाटत होतं. काढा म्हटलं असतं तर ते ऊन गेलं असतं. मी तुमच्याहून जास्त वेळ गप बसले, आणि खुशीनं.

तर आता कोणी कोणाला लिहायचं न्हाय की तुझ्यामुळं झालं.

केसरी साचा फोडायला निघाला होता. मी त्याला शेडवरून घरी आणायला लावला. दोन्ही माज्या खाटेखाली ठेवलेत. फोडायचा न्हाय. माजी बोटं त्यात हायत, दुसरीकडं कुठं न्हाय. त्यानं विचारलं, भरू का, पाय करून रंगवू का. मी म्हटलं न्हाय. भरायचं का न्हाय ते चंद्रा ठरवेल.

अक्षय्य तृतीयेला आठ-नऊ दिवस राहिले. मी येते. तिथला डॉक्टर बी दाखव, शपथ सोडली. केसरी मना घेऊन येईल, तो अजून हो म्हणाला न्हाय, पण त्यानं आज तुजी काळी छत्री गोदूच्या माहेरून आणून दाराला टांगली. तू त्याला पत्र लिहू नको. स्टेशनवर ये.

साचे संगती आणते. तुज्या घरात आल्यावर पयला तू हात घाल त्यात, बोटांच्या जागेपर्यंत. बघ. आता गार हाय.

तुजी आय